स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास: वजनाची शस्त्रक्रिया गाळत गाळत कशी ठरवायची

वजनाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "सगळ्यात जास्त वजन कशाने उतरतं?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण निवड करताना ते फारसं उपयोगी पडत नाही. आधी विचारायला हवं की यातलं मला काय चालणारच नाही. पहिली चाळणी अन्ननलिकेची, मग शुगर, मग रोजच्या गोळ्या आणि तंबाखू, मग वजनाचा आकडा, आणि शेवटी तुमचं खाणं आणि घरची घडी. बहुतेकांच्या बाबतीत तिसऱ्या चाळणीपर्यंत एक-दोनच पर्याय शिल्लक राहतात.

पोटात नेमकं काय करतात

स्लीव्हमध्ये जठर उभं कापून डाव्या बाजूचा फुगीर भाग काढून टाकतात, साधारण ७५ ते ८० टक्के. आत १२-१३ मिलिमीटर जाडीची रबरी नळी ठेवून तिच्या कडेने स्टेपलर चालवत जातात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं जठर, त्यात १०० ते १५० मिलि मावतं. म्हणजे टपरीवरचा एक फुल चहा. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसतं माप लहान होत नाही, भूकही कमी होते. आतड्याला हात लागत नाही. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

बायपास म्हणजे रू-एन-वाय. जठराच्या वरच्या टोकाला २० ते ३० मिलिची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी वेगळी करतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक पिशवीला जोडतात आणि वरचं टोक पुढे आतड्यालाच जोडतात. म्हणजे जोड दोन. बाकीचं जठर पोटातच राहतं, त्यात अन्न जात नाही एवढंच.

मिनी बायपास अमेरिकेत रॉबर्ट रुटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केली. भारतात ती बरीच होते. पिशवी लांबट नळीसारखी, आतडं न कापता त्याचा लूप वर आणून एकच जोड. 'मिनी' या शब्दावर जाऊ नका. साध्या बायपासमध्ये सुरुवातीचं ५० ते १०० सेंटिमीटर आतडं अन्नाला वगळलं जातं, मिनीमध्ये १५० ते २००. जोड कमी असला तरी वगळलेलं आतडं जास्त असतं.

चौथी सॅडी: स्लीव्ह करून त्याच्या खाली आतडं तोडायचं आणि शेवटाकडून २५० ते ३०० सेंटिमीटरवर जोडायचं. वजन सगळ्यात जास्त यानेच उतरतं आणि जीवनसत्त्वांची कमतरताही यातच सगळ्यात जास्त होते. जठराला वरून आवळणारा बँड आता जवळजवळ मागे पडला आहे. जठरात फुगवून ठेवलेला बलून सहसा ६ महिन्यांनी काढतात. तो शस्त्रक्रियेला पर्याय नाही, फार तर तयारी आहे.

आकड्यांचा घोळ आधी सोडवा

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एखाद्या बाईची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो असेल तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे २.५, ९८ भागिले २.५, बीएमआय सुमारे ३९. भारतात सर्वसाधारणपणे ३७.५ च्या वर, किंवा शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर ३२.५ च्या वर शस्त्रक्रिया सुचवतात. शुगर औषधांनी आटोक्यात येत नसेल तर २७.५ पासूनही विचार होतो. आपल्याकडे चरबी पोटावर जमते आणि कमी वजनातच शुगर मागे लागते, म्हणून हे आकडे युरोप-अमेरिकेतल्या जुन्या मर्यादांपेक्षा खाली ठेवले होते.

आता टक्केवारी. एका ठिकाणी सांगतात "२५ टक्के वजन कमी होतं", दुसरीकडे "६० टक्के", आणि ऐकणारा दुसरीकडे जातो. दोन्ही आकडे एकाच स्लीव्हचे असू शकतात. ९८ किलोतले २५ टक्के म्हणजे साडेचोवीस किलो. याच बाईचं योग्य वजन बीएमआय २३ धरून ५७ किलो काढलं तर जादा वजन झालं ४१ किलो, आणि ४१ मधले साडेचोवीस म्हणजे ६० टक्के. योग्य वजन बीएमआय २५ धरून काढलं की हाच आकडा ६९ वर जातो. तेव्हा एकच विचारा: आजच्या माझ्या वजनातून किती किलो, आणि पाच वर्षांनी त्यातले किती टिकतात? ढोबळमानाने स्लीव्हमध्ये एकूण वजनाच्या २५ टक्के, बायपासमध्ये ३०, मिनीमध्ये तेवढेच किंवा थोडे जास्त, सॅडीमध्ये ३५ च्या पुढे. वरच्या उदाहरणात स्लीव्ह आणि बायपास यांत फरक पडतो पाचेक किलोंचा. पाच किलोंसाठी चुकीची शस्त्रक्रिया करून घेण्यात अर्थ नाही.

पहिली चाळणी: अन्ननलिका

इथे मराठी माणसाचा एक शब्द गोंधळ घालतो: पित्त. आपण अ‍ॅसिडिटीला पित्त म्हणतो, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच म्हणतो. सर्जनसाठी पित्त म्हणजे यकृतातून येणारा हिरवट-पिवळा कडू रस. दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी ठरते, म्हणून माहिती देताना "मला पित्ताचा त्रास आहे" एवढ्यावर थांबू नका. छातीत जळजळ आठवड्यातून किती वेळा, रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येतं का, उशी उंच करून झोपावं लागतं का, सकाळी आवाज बसलेला असतो का, पँटोप्राझोलसारखी गोळी रोज लागते का, हे नेमकं सांगा.

स्लीव्हमध्ये जठराची नळी होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. आधी जळजळ असेल तर ती वाढू शकते, नसेल तर नव्याने सुरू होऊ शकते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. तिचे १० वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना, बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना.

म्हणून शस्त्रक्रिया ठरवण्याआधी तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झालीच पाहिजे. काही ठिकाणी "तक्रार नाही, मग गरज नाही" म्हणतात. स्लीव्ह करायची असेल तर आमच्या मते ही टाळाटाळ आहे, कारण आतली सूज पुष्कळांना जाणवतच नाही. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: सुजेची श्रेणी (ए सौम्य, डी सगळ्यात तीव्र), हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आहे का आणि किती सेंटिमीटर, बॅरेटचा बदल (अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात झालेला), आणि एच. पायलोरी हा जठरातला जंतू. सूज सी किंवा डी, किंवा बॅरेट असेल तर स्लीव्ह यादीतून काढा. मिनी बायपासही मागे जाते, कारण तिच्यात यकृतातलं खरं पित्त पिशवीत आणि कधी अन्ननलिकेत येऊ शकतं. अशा वेळी रू-एन-वाय हाच सरळ रस्ता. हर्निया लहान आणि जळजळ किरकोळ असेल तर हर्निया शिवून स्लीव्ह करणारे सर्जन आहेत, पण पुढे बायपास करावी लागण्याची शक्यता गृहीत धरूनच होकार द्या.

एक बारीक गोष्ट: आम्लाची गोळी चालू असेल तर एच. पायलोरीची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवावी लागते. जंतू सापडला तर उपचार शस्त्रक्रियेआधीच पूर्ण करा.

दुसरी: शुगर

शुगर किती वर्षं आहे, इन्सुलिन चालू आहे का, एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) किती, आणि सी-पेप्टाइड किती, हे चार आकडे काढा. सी-पेप्टाइडवरून स्वादुपिंडात दम किती उरला आहे ते कळतं. शुगर नवी आणि एक-दोन गोळ्यांवर असेल तर स्लीव्ह आणि बायपास दोन्हींनी चांगला फरक पडतो. मधली अवस्था, म्हणजे सात-आठ वर्षं झालेली, तीन गोळ्या किंवा थोडं इन्सुलिन, इथे बायपासचं पारडं स्पष्टपणे जड आहे. शुगर जुनी, इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड तळाला गेलेलं असेल तर शुगर पूर्ण सुटण्याची आशा कोणत्याच शस्त्रक्रियेत फारशी नसते. मग केवळ शुगरसाठी मोठी शस्त्रक्रिया पत्करू नका. अमेरिकेतल्या एका चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपासमध्ये २९ टक्के होते, स्लीव्हमध्ये २३, नुसत्या औषधांवर ५. "शुगर कायमची जाते" अशी जाहिरात दिसली तर हे आकडे आठवा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर उपाशीपोटी रक्त आम्लीय होतं, आणि शुगरचा आकडा साधा दिसत असल्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. शुगर आणि वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपाटाइडची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. ही इंजेक्शनं अजून घेऊन पाहिली नसतील आणि बीएमआय ३२-३३ च्या आसपास असेल, तर शस्त्रक्रियेआधी त्यांच्याबद्दल एकदा बोलून घ्या. मात्र ती थांबवली की वजन बहुतांशी परत चढतं.

तिसरी: गोळ्या आणि तंबाखू

घरातला औषधांचा डबा पिशवीत घालून सर्जनकडे न्या. सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नेहमी लागत असेल तर दोन्ही बायपास अडचणीच्या ठरतात: पिशवी आणि आतडं जिथे जोडलं आहे तिथे व्रण होतो, रक्त जातं, कधी भोक पडतं. संधिवाताचे रुग्ण, मूत्रपिंड बदललेले रुग्ण, फिटच्या गोळ्या मोजून-मापून घेणारे, यांना स्लीव्ह बरी, कारण आतड्यातलं शोषण फारसं बदलत नाही. स्ट्रिपवर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. बायपासनंतर ती अर्धवट शोषली जाऊ शकते, म्हणून बीपी-शुगरच्या अशा गोळ्या साध्या प्रकारात बदलून घ्याव्या लागतात.

तंबाखूबद्दल विचारलं की बायका "नाही" म्हणतात आणि मशेरी मोजतच नाहीत. मशेरी तंबाखूच आहे. सिगारेट, गुटखा, मशेरी यांपैकी जे काही असेल ते निदान सहा आठवडे आधी बंद व्हायला हवं. सुटणार नाही अशी मनात खात्री असेल तर तेही खरं सांगा. मग बायपास टाळलेली बरी.

आतड्याचा क्रोन्स आजार, सिरॉसिसकडे झुकलेलं यकृत, वारंवार होणारे मुतखडे, पोटाच्या आधीच दोन-तीन मोठ्या शस्त्रक्रिया होऊन चिकटलेली आतडी, हे सगळे कौल स्लीव्हच्या बाजूचे. जवळच्या नात्यात जठराचा कॅन्सर असेल तरही बायपासआधी दोनदा विचार करा. मागे ठेवलेल्या जठरात पुन्हा नेहमीची दुर्बीण पोचत नाही.

वजन फारच जास्त असेल तर

बीएमआय ५० च्या वर असेल तर एकट्या स्लीव्हवर वजन बऱ्याचदा मध्येच अडतं. तिथे दोन वाटा आहेत: आधी स्लीव्ह, आणि दीड-दोन वर्षांनी गरज पडली तर पुढचा टप्पा, किंवा थेट मिनी बायपास वा सॅडी. भुलीचा धोका जास्त असलेल्या, चालताना धाप लागणाऱ्या रुग्णाला पहिली वाट बरी, कारण ३० किलो उतरल्यावरची दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते. स्लीव्हची पुढे बायपास किंवा सॅडी करता येते, उलट दिशेने जाणं फार अवघड. सर्जन स्लीव्हकडे झुकतात त्यामागे हे एक खरं कारण आहे. स्लीव्ह करायला सोपी आणि लवकर होते, हे दुसरं. ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

तुमचं ताट

शस्त्रक्रियेनंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका वेळी पोटात जातं अर्धी वाटी. शाकाहारी घरात हे गणित अवघड असतं: १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून ७-८, एका अंड्यातून ६. प्रथिनांची पावडर पहिले काही महिने लागतेच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असे उपास धरणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं; साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं नावालाच. उपासाला दूध, दही, पनीर चालत असेल तर निभतं.

शाकाहारी आहात म्हणून बायपास नको असं नाही. पण मिनी बायपासमध्ये २०० सेंटिमीटर आतडं वगळणार असतील तर प्रथिनं, लोह आणि बी१२ यांचा हिशेब आधी मांडा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या तुलनेत २०० सेंटिमीटरच्या मिनीने वजन बायपासइतकंच उतरलं, पण कुपोषणाचे गंभीर त्रास फक्त मिनीच्या गटात दिसले. सर्जनला थेट विचारा, "किती सेंटिमीटर वगळणार, आणि आतड्याची एकूण लांबी मोजणार का?" कुणाचं लहान आतडं चार मीटर असतं, कुणाचं सात; सगळ्यांना २०० ची एकच फूटपट्टी लावणं धोक्याचं.

गोडाचं वेगळं. बायपासनंतर उसाचा रस, जिलबी, श्रीखंड पोटात गेलं की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात; याला डम्पिंग म्हणतात. काहींना हाच लगाम उपयोगी पडतो, काहींना नकोसा होतो. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी असतो, आणि म्हणूनच चहा-खारी, फरसाण, आइस्क्रीम असं थोडं थोडं दिवसभर चालू राहिलं की वजन परत चढतं. दिवसातून सात-आठ वेळा काहीतरी तोंडात टाकायची सवय असेल तर ती आहारतज्ज्ञांना आधीच सांगा.

गोळ्या जन्मभर. बायपासनंतर रोज कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिलिग्रॅम दोन-तीन भागांत, डी जीवनसत्त्व ३००० युनिटच्या आसपास, बी१२ रोज तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, आणि पाळी येणाऱ्या बाईला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. स्लीव्हनंतरही यातलं बहुतेक लागतंच. कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त पडतं, पण त्याला आम्ल लागतं, आणि ते तर आपण कमी केलेलं असतं. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर नको. हा खर्च आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी निभणार नसेल, गावाजवळ सोय नसेल, तर सॅडी आणि लांब मिनी बायपास सोडून द्या.

मूल हवं असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावं. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा आजार) वजन उतरताच अंडं सुटू लागतं आणि दिवस राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीच्या शोषणाचा भरवसा नसतो, तेव्हा कॉपर-टीसारखा उपाय आधीच करून घ्या.

सर्जन आणि विमा

या शस्त्रक्रियांपैकी एकच करणारा सर्जन तुम्हाला तीच सुचवणार. विचारा: वर्षाला स्लीव्ह किती, बायपास किती, गळती (स्टेपलच्या रेषेतून किंवा जोडातून आतलं पोटात झिरपणं) किती जणांना झाली, पाच वर्षांनंतर तपासणीला किती रुग्ण येतात, माझ्या दुर्बिणीच्या रिपोर्टनुसार दुसरा पर्याय का नको. रोबोटने करणार की लॅप्रोस्कोपने, हा शस्त्रक्रियेच्या प्रकाराचा प्रश्न नाही. त्यावर निवड करू नका.

विम्यासाठी विमा नियामकाची प्रमाणित अट बघा: वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारी टाइप २ शुगर यांसारखा गंभीर आजार, तोही साधे उपाय थकल्यावर. म्हणजे ३३ बीएमआयवर डॉक्टर "करा" म्हणतील आणि विमा "नाही" म्हणेल, असं होऊ शकतं. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जुन्या वजनाच्या नोंदी, स्लीप स्टडीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि मंजुरी लेखी घ्या.

निवड झाल्यावर, पाकिटात ठेवायची चिठ्ठी

शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, वगळलेल्या आतड्याची लांबी आणि सर्जनचा फोन एका चिठ्ठीवर लिहा. तिच्या मागे तीन ओळी हव्यात, कारण रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर हे सांगायला नातेवाइकांना सुचत नाही.

पहिली: पहिल्या काही आठवड्यांत, शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर राहिली तर ताप नसला, पोट फार दुखत नसलं तरी गळतीची शंका घ्या.

दुसरी: बायपास झालेल्याला महिन्यांनी किंवा वर्षांनी अचानक बेंबीभोवती पिळवटून कळा आल्या तर तो गॅस समजू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. लगेच सीटी स्कॅन आणि बॅरिअ‍ॅट्रिक (वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनला फोन.

तिसरी: उलट्या होऊन बरेच दिवस खाणं गेलं नसेल तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं (बी१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्या.